मधुमेहात पायांच्या धमन्या अरुंद होत आहेत का, हे वेळेत कसे ओळखावे

पायांच्या धमन्यांत चरबीचे थर साचून रक्ताची वाट अरुंद झाली, की चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत दुखणे ओसरते, असे या आजाराचे नेहमीचे वर्णन असते. मधुमेहात त्यावर विसंबून राहता येत नाही. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे मज्जातंतू बधिर झालेले असतील, तर रक्त कमी पडूनही वेदना जाणवत नाही. शिवाय गुडघेदुखीमुळे किंवा दम लागत असल्यामुळे चालणे आधीच कमी झालेले असेल, तर दुखू लागेल इतके अंतर तो माणूस चालतच नाही. म्हणून ‘पाय दुखत नाहीत’ एवढ्यावर समाधान न मानता पुढील क्रमाने पाहणी करावी.

प्रथम मोजे काढून चांगल्या उजेडात दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहावेत. एका पायाची त्वचा दुसऱ्यापेक्षा पातळ व चकचकीत दिसणे, नडगीवरचे केस विरळ होणे, नखे जाड होऊन सावकाश वाढणे आणि टाचेची भेग किंवा बोटाजवळचे खरचटणे दोन आठवड्यांनंतरही न भरणे, या खुणांची नोंद घ्यावी. पाऊल उबदार आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. मज्जातंतूंच्या विकारात त्वचेजवळचा रक्तप्रवाह वाढून पाऊल गरम लागू शकते, आणि त्याच वेळी वरच्या धमनीत अडथळाही असू शकतो. अनेकांची फसगत होते ती नेमकी इथे.

त्यानंतर नाडी चाचपावी. पायाचा अंगठा वर उचलला की पावलाच्या वरच्या बाजूला एक शीर (रक्तवाहिनी नव्हे, तर स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ताठ उभी राहते. तिच्या बाहेरच्या, म्हणजे करंगळीकडच्या बाजूला पावलाच्या मध्यावर दोन-तीन बोटे अलगद टेकवावीत. दाब जास्त दिला तर नाडी दबून जाते, आणि हाताच्या अंगठ्याने चाचपले तर स्वतःचीच नाडी लागल्याचा भास होतो. दुसरी जागा घोट्याच्या आतल्या हाडामागे, हाड आणि टाचेची जाड शीर यांच्यामधल्या खोलगट भागात आहे. काही निरोगी माणसांत पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, त्यामुळे ती सापडली नाही म्हणून घाबरू नये. मात्र ती लागली म्हणजे धमन्या ठीकच आहेत, असेही मानू नये.

तिसरी पायरी मोजमापाची आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण बोटांचा अंदाज इथे अपुरा पडतो. पाच-दहा मिनिटे आडवे विश्रांती घेतल्यावर दोन्ही दंडांचा आणि डॉप्लरच्या (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब मोजतात, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या मोठ्या आकड्याने भागतात. घोट्याला 104 आणि दंडाला 130 असेल, तर उत्तर 0.80 येते. 0.90 किंवा त्याहून कमी म्हणजे धमनीचा आजार, आणि 1.00 ते 1.40 म्हणजे सामान्य. मधुमेहात मात्र धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती इतकी कडक होते, की पट्टा कितीही फुगवला तरी ती नीट दबत नाही. मग घोट्याला 190 भरतात, उत्तर 1.46 येते आणि ‘रक्तदाब भरपूर आहे’ असा उलटा समज होतो. उत्तर 1.40 च्या वर आले, किंवा सामान्य येऊनही शंका उरली, तर पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून घ्यावा, कारण तिथल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. पायाच्या अंगठ्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून येणारे गुणोत्तर 0.70 पेक्षा कमी आले तर ते सदोष मानतात.

वय 65 किंवा अधिक असेल, डोळे, मूत्रपिंड किंवा मज्जातंतूंवर मधुमेहाचा परिणाम झाला असेल, किंवा पावलाला जखम असेल, तर कोणताही त्रास नसतानाही ही तपासणी स्वतःहून मागावी. मधुमेहाला दहा वर्षे झाली असतील, तर तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे. तंबाखू ओढणाऱ्याने तर ती लांबणीवर टाकूच नये.

आजार आढळला तरी बहुतेकांना लगेच शस्त्रक्रिया लागत नाही. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील, तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांनाही तोच धोका असतो. त्यामुळे तंबाखू पूर्ण बंद करणे, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन गटातील औषध, रक्तदाब व साखरेवर नियंत्रण आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेले नियमित चालणे, हे उपचार पायांइतकेच जिवासाठीही असतात. घरी गरम पाण्यात पाय शेकू नयेत, कुरूप स्वतः कापू नये आणि घट्ट दाबाचे मोजे विचारल्याशिवाय घालू नयेत. नख काढायचे असेल किंवा पावलावर छोटीशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी रक्तपुरवठा तपासला आहे का, हे स्पष्टपणे विचारावे. बोट काळे पडू लागले, किंवा पाय अचानक पांढरा व गार होऊन बधिर झाला, तर सकाळची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावे.