अमेरिकेत घर घेतलंत? वायरिंगआधी परमिटचं बघा

इथे स्वतःचं घर घेतलं की विजेचं काही ना काही काम निघतंच: गॅरेजमध्ये गाडीचा चार्जर, बेसमेंटमध्ये नवी खोली, जुनं पॅनेल बदलणं. असल्या कामांना सहसा परमिट लागतं. बिघडलेला स्विच काढून तसाच दुसरा बसवायला बऱ्याच ठिकाणी लागत नाही. नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, म्हणजे वायरिंगच्या सुरक्षेचे नियम, दर 3 वर्षांनी सुधारला जातो, पण त्याची कुठली आवृत्ती पाळायची हे राज्य किंवा शहर ठरवतं. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राला विचारण्यापेक्षा आपल्या सिटीच्या किंवा काउंटीच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन करा. भाड्याने राहत असाल तर सरळ घरमालकाला सांगा.

परमिट कोणाच्या नावावर निघतंय, इकडे नीट लक्ष द्या, कारण कामाची जबाबदारी त्याच्यावर येते. लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन परमिट स्वतःच काढतो. ‘तुम्हीच काढा, स्वस्तात पडेल’ असं कोणी म्हणालं तर त्याला काम देऊ नका. लायसन्स आधी तपासा. कॅलिफोर्नियात इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरला सी-10 वर्गाचं लायसन्स लागतं, टेक्सासमध्ये लायसन्स टीडीएलआर हे राज्याचं खातं देतं. दोन्हीकडे ऑनलाइन शोधता येतं.

आपण राहतो त्या घरात मालकाने स्वतः वायरिंग करायला अनेक ठिकाणी परवानगी असते, तीही परमिट घेऊनच. हौस असेल तर जरूर करा, पण भारतातली मापं डोक्यातून काढून टाका. इथे गेजचा आकडा वाढला की वायर बारीक होते. घरातल्या साध्या सर्किटमध्ये 15 अँपिअरच्या ब्रेकरला तांब्याची किमान 14 गेज, 20 च्या ब्रेकरला 12 गेज. गाडीचा चार्जर तासन् तास चालतो, त्यामुळे सर्किट सव्वापट धरावं लागतं: 48 अँपिअरच्या चार्जरला 60 चा ब्रेकर.

इन्स्पेक्शन साधारण दोनदा होतं. पहिलं, म्हणजे रफ-इन, वायरी ओढून झाल्यावर पण भिंतीवर ड्रायवॉल चढण्याआधी. ते चुकवून भिंत बंद केली तर इन्स्पेक्टर ती उघडायला लावू शकतो, आणि तो खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. कॉन्ट्रॅक्टर घाई करत असला तरी इथे अजिबात नमू नका. दुसरं, फायनल, सगळं जोडून झाल्यावर. ते पास होईपर्यंत पैशांचा शेवटचा हप्ता हातात ठेवा, आणि तसं काम सुरू होण्याआधीच करारात लिहून घ्या.