ओट्याखाली दोन डबे: सुका कचरा वेगळा ठेवायची सवय घराला कशी लावायची?

ओला-सुका वेगळा करायचा, हे पुण्यात आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी ते बंधनकारकही केलं. तरी आमच्या घरात कितीतरी दिवस दह्याचा डबा आणि भेंडीची देठं एकाच पिशवीत सापडायची. मी व्याख्यानं दिली, फ्रिजवर चिठ्ठी लावली. फरक पडला तो सुक्याचा डबा बाल्कनीतून उचलून ओट्याखाली आणला तेव्हा. माणूस कंटाळा करणारच, हे धरूनच सुरुवात करा.

म्हणजे आधी दोन्ही डबे शेजारी ठेवा. ओल्याचा लहान आणि झाकणाचा, सुक्याचा मोठा आणि उघडा. सुका कचरा वजनाला काहीच नसतो, पण जागा फार खातो.

मग एक काम वेळेला बांधा. ‘आता पिशव्या धुऊन ठेवत जाईन’ असं नुसतं म्हणून काही होत नाही. ‘दूध पातेल्यात ओतलं की पिशवी तिथेच विसळीन आणि खिडकीच्या गजाला अडकवीन’ असं ठरवा. नेदरलँड्समधल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांना रद्दी कागद आणि प्लास्टिकचे कप कधी, कुठे, कसे टाकणार हे आधी लिहून काढायला लावलं होतं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात केराच्या टोपलीत जाणारे कप आणि कागद चांगलेच घटलेले दिसले.

दुधाच्या पिशवीचा कोपरा मात्र कापून टाकू नका. नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू दे. नखाएवढा तो तुकडा एकदा सुटला की केरात जातो, कोणी वेचत बसत नाही.

कागद चुरगाळायचा नाही, ही आमच्याकडची सगळ्यात सोपी सुधारणा. रेमी ट्रुडेल आणि जेनिफर आर्गो या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की फाटलेली, चेपलेली वस्तू माणसाला ‘कचरा’ वाटते आणि ती सरळ केरात जाते. तोच कागद धड असला की रद्दीत जातो. कागद तोच, किंमत तीच! बिल आलं की घडी घालून रद्दीवर ठेवा.

यापुढचं शिकायचं ते कचरा न्यायला येणाऱ्या ताईंकडून. पुण्यात 2008 पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या सदस्य दारोदार कचरा गोळा करतात, आणि सुका माल विकून त्यांच्या कमाईत भर पडते. ‘ताई, यातलं काय विकलं जातं?’ एवढं एकदा विचाराच. पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्यांना भाव मिळतो. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना सहसा कोणी विचारत नाही. ती धुण्यापेक्षा कमी आणा. आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. ही पिशवी पुढे कुणाच्या तरी हातानेच निवडली जाणार आहे.

सोसायटीत बोर्ड लावायचा असेल तर ‘काही सभासद अजूनही कचरा एकत्र टाकतात’ असं लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं, चला, आपण एकटे नाही. अमेरिकेतल्या एका हॉटेलात ‘पर्यावरण वाचवा’ या कार्डावर साधारण 35 टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, ‘बहुतेक पाहुणे वापरतात’ या कार्डावर 44 टक्क्यांनी. त्यामुळे किती घरं वेगळा करून देतात ते लिहा. आकडा मात्र खरा असू द्या, शेजारी मोजतात.

घाई नको. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या 2010 च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. घरी सत्यनारायण असेल त्या दिवशी सगळं एकाच पिशवीत जाणार, हे नक्की. जाऊ द्या. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असं त्याच अभ्यासात दिसलं. दुसऱ्या दिवशी दूध तापवताना पिशवी पुन्हा विसळायला घ्या.