गवत कापायचं जुनं मशीन सुरू होत नाही? आधी पाना खाली ठेवा

दोन-तीन वर्षं कोपऱ्यात पडलेलं मशीन बाहेर काढलं, धूळ झटकली, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. दहाव्या ओढीला खांदा कुरकुरतो आणि पंधराव्या ओढीला माणूस पाना हातात घेतो. खरी गडबड इथून सुरू होते. पडून राहिल्याने या छोट्या पेट्रोल इंजिनांचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त ती सुरू करायच्या घाईत होतं, असं माझं ठाम मत आहे. त्यातलं बरंचसं मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे.

न तपासता पार्ट बदलणं

इंजिन चालायला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं). बंद इंजिनात बहुतेक वेळा यातलं काहीतरी एक हरवलेलं असतं. कोणतं, हे शोधायला दहा मिनिटं पुरतात. पण आपण आधी ठिणगी पाडणारा नवा प्लग आणतो, मग एअर फिल्टर, मग कॉइल (ठिणगीला करंट देणारी), आणि शेवटी कळतं की टाकीतलं पेट्रोलच सडलं होतं.

पाच-सहा वेळा दोरी ओढून झाल्यावर प्लग काढा आणि त्याचं टोक बघा. कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल आत पोचतच नाही. ओलं असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. आता प्लग त्याच्या कॅपमध्ये बसवा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी दोरी ओढायला सांगा. ठसठशीत निळी ठिणगी दिसली तर करंट ठीक आहे. मरगळलेली, पिवळट-नारिंगी दिसली तर आधी दुसरा प्लग लावून बघा. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते.

इथेच मी फसलो होतो. ठिणगी काही केल्या दिसेना, म्हणून कॉइल गेली असं ठरवून नवी आणली, बसवली, तरी तेच. अर्ध्या दिवसाने लक्षात आलं की हँडलवरची सेफ्टी दांडी मी दाबलेलीच नव्हती. ती सोडली की कॉइलचा करंट बंद होतो आणि बहुतेक मशीनांत फ्लायव्हीलला (इंजिनसोबत फिरणाऱ्या चाकाला) ब्रेकही लागतो. म्हणजे इंजिन त्याचं काम चोख करत होतं! दांडी दाबूनही ठिणगी नसेल, तर कॉइलला दोष देण्याआधी तिच्याकडून दांडीच्या स्विचकडे जाणारी बारीक वायर तात्पुरती काढून बघा. वायर काढल्यावर ठिणगी आली तर कॉइल ठीक आहे, वायर किंवा स्विच कुठेतरी बॉडीला लागतोय. बघून झालं की ती वायर परत जोडा, नाहीतर मशीन बंद करायची सोयच राहणार नाही.

कॉम्प्रेशनसाठी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढायची. हवेने अंगठा उडवला पाहिजे. अजिबात जोर नसेल आणि इंजिन जुन्या साइड-व्हॉल्व्ह पद्धतीचं (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) असेल, तर बहुधा गंजून किंवा कार्बन साचून एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असतो.

ठिणगी आहे, कॉम्प्रेशनही आहे? मग भोकात जेमतेम अर्धा चमचा ताजं पेट्रोल सोडा, प्लग बसवा आणि दोरी ओढा. इंजिन दोन सेकंद भडभडून विझलं की समजा, बाकी सगळं शाबूत आहे आणि दोष कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, वाटेवर आहे. माझ्या अनुभवात पडून राहिलेली दहातली सात-आठ मशीनं इथेच येऊन थांबतात.

जुन्या पेट्रोलमध्ये नवं मिसळणं

पेट्रोल टिकाऊ नसतं. त्यातला चटकन पेटणारा हलका भाग आधी उडून जातो आणि उरलेल्याचा हळूहळू चिकट डिंक होतो. दोन-तीन महिन्यांतच फरक पडायला लागतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावाही शोषतं, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल ते पाणी घेऊन तळाशी बसतं. वरून टाकी भरलेली दिसते, पण कार्बोरेटरला तळातलं तेच पाणी जातं. वास घेऊन बघा: ताज्या पेट्रोलचा वास नाकात घुसतो, जुन्याला वॉर्निशसारखा आंबूस दर्प येतो. त्यात लिटरभर नवं ओतून ते सुधारत नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, तळाची जाळी बघा आणि नळी कडक झाली असेल तर बदला.

जेटमध्ये तार घालणं

कार्बोरेटर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. चार बाजूंनी. गव्हर्नरची (इंजिनचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) ती बारीक स्प्रिंग कोणत्या भोकात होती, हे तासाभराने कुणालाही आठवत नाही. चुकीच्या भोकात बसली तर इंजिन एकतर रांगतं नाहीतर बेफाम पळतं. वेग वाढवायला ही स्प्रिंग ताणणारे महाभागही मी पाहिलेत. ही इंजिनं साधारण मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या आसपास चालण्यासाठी असतात, आणि खाली त्याच वेगाने पोलादी पातं फिरत असतं. स्प्रिंगला हात लावू नका.

खालची फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याची) वाटी एका बोल्टने धरलेली असते. बऱ्याच कार्बोरेटरांत तो नुसता बोल्ट नसतो, त्याच्याच पोटात मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) असतो. बोल्ट उजेडाकडे धरून बघा. सुईच्या टोकाएवढं भोक आरपार दिसलं पाहिजे, आणि आट्यांच्या खाली बाजूला आणखी एखादं बारीक भोक असतं, तेही. तिथे मधासारखा पिवळा-तपकिरी थर दिसला की चोर सापडला. आता टाचणी किंवा ड्रिलचं पातं त्यात घुसवायचा मोह होतो. पितळ मऊ असतं. भोक केसभर मोठं झालं तरी पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर मारा, भिजू द्या आणि हवा मारा. अगदीच अडलं तर वायरीतली तांब्याची एक तार हलक्या हाताने फिरवा, तीही खरवडण्यासाठी नव्हे.

क्लीनरच्या डब्यात अख्खा कार्बोरेटर बुडवायचा असेल तर आधी रबरी रिंग, गॅसकेट आणि प्लास्टिकचा फ्लोट काढून ठेवा. रबर त्यात फुगतं आणि मग वाटी बंदच होत नाही. वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर ती गंजलेल्या धातूची असते. सगळी पुसून काढा, नाहीतर पुन्हा जेटमध्येच जाईल.

साफसफाईनंतर इंजिन सुरू होतं पण आवाज एकसारखा चढतो-उतरतो, चढतो-उतरतो? पेट्रोल अजून कमी पडतंय. बहुतेक वेळा बारीक पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारा) साफ व्हायचा राहिलेला असतो, किंवा कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या गॅसकेटमधून हवा ओढली जात असते. ते झाकायला कायम चोक ओढून मशीन चालवू नका.

मशीन कसंही आडवं करणं

पात्याला हात लावण्याआधी प्लगची कॅप काढून बाजूला करा. याला अपवाद नाही. मग मशीन तिरकं करताना कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवा. उलट्या बाजूला पाडलं की इंजिन ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं. मग प्लग तेलाने माखतो, फिल्टरचा स्पंज निथळायला लागतो आणि सुरू झालंच तर पांढऱ्या धुराचा लोट उठतो. घाबरू नका. प्लग पुसा, भोक मोकळं ठेवून दोरी चार वेळा ओढा, स्पंज साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा आणि त्यावर ऑइलचे थोडे थेंब चोळून परत बसवा.

पातं काढून इंजिन चालवून बघणं

हे फारसं कुणी सांगत नाही. बऱ्याच मशीनांचं फ्लायव्हील हलकं, ॲल्युमिनियमचं असतं आणि त्याला लागणारं उरलेलं वजन खालचं पातं पुरवतं. पातं धार लावायला काढलेलं असताना किंवा त्याचा बोल्ट सैल असताना दोरी ओढली तर इंजिन उलटा झटका देतं आणि हातातली दोरी हिसकावून नेतं. पातं घट्ट बसवल्यावर हीच तक्रार आपोआप जाते.

पातं घट्ट असूनही झटके येत असतील, तर आठवून बघा: शेवटच्या वेळी पातं दगडावर किंवा झाडाच्या मुळावर आपटलं होतं का? फ्लायव्हील आणि क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) यांच्यात एक छोटी चावी, म्हणजे दोघांना एकत्र अडकवणारा धातूचा तुकडा, असते. अनेक इंजिनांत ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. आपटल्यावर ती अर्धवट कापली जाते, फ्लायव्हील किंचित सरकतं आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बिघडतं. ठिणगी छान, पेट्रोल छान, तरी इंजिन पकडत नाही. चावी बघायला फ्लायव्हील काढावं लागतं, आणि ते काढायला पुलर (ओढून काढायचं अवजार) वापरा. क्रँकच्या टोकावर हातोडी मारून आटे चेपवलेली इंजिनं पुन्हा उभी करणं फार जड जातं. चावी बदलून क्रँक वाकलेला नाही ना, तेही बघा. परत बसवताना कॉइल आणि लोहचुंबकातली फट जपा. बऱ्याच छोट्या इंजिनांत ती 0.25 ते 0.35 मिमी असते, म्हणजे मधे एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड. फार जुन्या इंजिनात फ्लायव्हीलखाली पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) असतात. तिथवर पोचलाच आहात तर तेही पुसून घ्या.

जाता जाता आणखी थोडं. स्टार्टर स्प्रेचा मारा करून मशीन 'जिवंत ठेवू' नका. तो सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतो. दोरी हलतच नसेल तर जोर लावू नका; प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून रात्रभर थांबा. प्लग परत बसवताना आधी हाताने फिरवा, कारण ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे पान्याने सहज जातात. आणि वरचं झाकण काढून थंडाव्याच्या पट्ट्यांमध्ये उंदराने घरटं केलंय का ते बघा. हसू नका, असतं.

इंजिन सुरू झालं, दहा मिनिटं मस्त चाललं आणि मग गुदमरून बंद पडलं, तर टाकीचं झाकण सैल करा. 'फुस्स' असा आवाज आला आणि मशीन पुन्हा चालू लागलं, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं आहे. ते साफ करा. मग मशीन उघड्यावर, बंद खोलीत नव्हे, आणखी दहा मिनिटं चालवा आणि इंजिन कोमट असतानाच जुनं ऑइल काढा. गार झाल्यावर अर्धी घाण तळालाच चिकटून राहते.