मांजर गंभीर आजारी आणि हातात पैसे मोजके: निर्णय कसा घ्यावा

आमचा गोट्या रात्री अकराला वाळूच्या ट्रेमध्ये बसला, उठला, पुन्हा जाऊन बसला. दहा मिनिटांत सात वेळा. वाळू कोरडीच. महिन्याची २४ तारीख होती आणि बँकेतले, डब्यातले सगळे मिळून माझ्याकडे ९,००० रुपये होते. त्या रात्री मी दवाखान्यात पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. लाज वाटली. रक्त तपासलं, एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, ४,६०० रुपये गेले. मग कळलं की खरा उपचार, म्हणजे नळी घालून लघवी मोकळी करणं आणि दोन-तीन दिवस दाखल ठेवणं, पुढेच आहे आणि त्याचे १२,००० होतील. उजाडता उजाडता दुसऱ्या एका डॉक्टरांनी उरलेले पैसे पुढच्या महिन्यात घ्यायचं कबूल करून नळी घातली, म्हणून गोट्या वाचला.

तीन वर्षांनी चौदा वर्षांच्या चिमीची किडनी गेली. तिच्या वेळी मी वेगळा निर्णय घेतला. दोन्ही वेळी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही आत्ता आजारी मांजर मांडीवर घेऊन हे वाचत असाल, तर पहिला भाग वाचा आणि गरज असेल तर लगेच निघा.

१. आत्ता निघायचं की सकाळपर्यंत थांबायचं?

बोका लघवीला बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, पण थेंबही पडत नाही, तर एक मिनिट थांबू नका. बद्धकोष्ठ असेल असं समजून अनेक जण सकाळची वाट बघतात. लघवी पूर्ण तुंबली की एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. तोंड उघडं टाकून धापा टाकणं, मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडणं, झटके न थांबणं, विषबाधा, वरच्या मजल्यावरून पडणं, ही सगळी आत्ता निघायची कारणं आहेत.

घरी दोन गोष्टी बघता येतात. ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी हवी. पांढरी किंवा निळसर असेल तर निघा. मांजर झोपलेलं असताना छातीचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. तीसच्या आत असतात. सतत त्याच्या वर जात असतील तर फुफ्फुसात किंवा हृदयात काहीतरी बिघडलंय.

नुसतं जेवत नसेल, मलूल असेल, तर सकाळपर्यंत थांबता येतं. पण दोन दिवसांपेक्षा जास्त उपाशी राहू देऊ नका. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते, आणि लठ्ठ मांजरात तो एक वेगळाच जीवघेणा आजार होऊन बसतो.

पॅरासिटामॉल, म्हणजे आपली क्रोसिन किंवा डोलो, मांजराला कधीही देऊ नका. लहान मुलाच्या मापानेही नको. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते आणि अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. ब्रुफेन, काँबिफ्लाम यांचंही तेच. ग्लानीतल्या मांजराच्या तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. ऊब द्यायची असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

२. घरून निघण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा

आज देता येतील इतके पैसे. महिन्याभरात उभे करता येतील इतके. आणि ज्यांना हात लावायचा नाही ते: घरभाडं, मुलांची फी, आईची औषधं. घरात दोन मोठी माणसं असतील तर हे आकडे दोघांनी मिळून ठरवा. दवाखान्याच्या बाकावर, मांजर पिशवीतून केविलवाणं बघत असताना, तिसऱ्या आकड्यातले पैसे पहिल्यात कधी जातात ते कळतही नाही.

आजच्या रकमेतले दीड-दोन हजार मनातल्या मनात बाजूला काढून ठेवा. सगळं फसलं तर मांजराला यातनेतून सोडवायला ते लागतील. सगळे पैसे तपासण्यांत संपले आणि मांजर घरी तळमळत पडलंय, याच्याइतकी वाईट अवस्था दुसरी नाही.

३. डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत रक्कम सांगा

वाक्य पाठ करून जा: "डॉक्टर, माझ्याकडे सहा हजार आहेत. त्यात हिच्यासाठी जास्तीत जास्त काय करता येईल?" एवढंच. माफी मागायची गरज नाही. हे ऐकलं की चांगला डॉक्टर तपासण्यांचा क्रमच बदलतो. गोट्याच्या दुसऱ्या डॉक्टरांनी पोटावर नुसता हात ठेवला. मूत्राशय मोसंब्याएवढं टणक लागलं आणि तुंबलंय हे तिथेच कळलं.

मग हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं लिहून घ्या:

- तुम्हाला सगळ्यात जास्त शंका कशाची आहे?
- ही तपासणी केल्यावर उपचार बदलणार आहे का? नसेल बदलणार तर आज टाळता येईल का?
- शंकेवरून उपचार सुरू केले तर धोका काय?
- उपचार लागू पडतोय हे किती तासांत आणि कशावरून कळेल?
- दाखल न करता रोज आणलं तर चालेल का?
- एकूण खर्च अंदाजे किती, आणि त्यानंतर दर महिन्याला किती?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सोनोग्राफीत गाठ दिसली तरी ऑपरेशन परवडणारच नसेल, तर सोनोग्राफीचे हजार-दीड हजार वेदनाशामकाला आणि सलाईनला वापरा. आजाराचं नाव कळल्याचं समाधान आपल्याला मिळतं, मांजराला त्याने काही फरक पडत नाही.

४. आजार कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

पैशांच्या नजरेतून बघितलं तर आजारांच्या तीन जाती आहेत. निर्णय जवळजवळ यावरच ठरतो.

पहिली जात एकदाच खर्च करायला लावणारी. लघवी तुंबणं, मारामारीत झालेलं गळू, साधं हाड मोडणं, नसबंदी न झालेल्या भाटीच्या गर्भाशयात पू होणं. खर्च एकदम अंगावर येतो, पण पार पडलं तर पुढे वर्षानुवर्षं मांजर धडधाकट राहतं. माझ्या मते उसने घ्यायचेच असतील तर इथे घ्यावेत. लघवी पुन्हा तुंबू शकते, हे मात्र गृहीत धरा. गोट्याला तेव्हापासून कोरडे दाणे बंद केले, ओलं खाणं पाणी घालून देतो, आणि घरात चार ठिकाणी पाण्याच्या वाट्या आहेत.

दुसरी जात थोड्या दिवसांच्या लढाईची. लस न घेतलेल्या पिल्लांना होणारा पॅनल्यूकोपेनिया हा त्यातला नेहमी दिसणारा. उलट्या, जुलाब, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. विषाणूवर नेमकं औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक देऊन पिल्लाला तगवून धरायचं असतं. पहिल्या चार-पाच दिवसांत बहुधा इकडे की तिकडे ते कळतं, म्हणून पैसेही तेवढ्याच दिवसांचे हिशेबात धरा. घरात दुसरी मांजरं असतील तर त्यांच्या लशीचे पैसे आधी बाजूला काढा.

याच जातीत एफआयपी येतो, पोटात किंवा छातीत पाणी भरणारा. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे नाव म्हणजे मृत्यूच होता. २०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी जीएस-४४१५२४ या औषधाने बहुतेक मांजरं बरी झाल्याचं दाखवलं आणि चित्र पालटलं. उपचार रूढ पद्धतीने ८४ दिवसांचा असतो आणि डोस वजनावर ठरतो. दोन किलोच्या पिल्लाचा खर्च पाच किलोच्या बोक्यापेक्षा खूप कमी येतो. पिल्लाचं वजन वाढत जाईल तसा डोस वाढतो, तेही धरून पूर्ण ८४ दिवसांचा हिशेब करा. डॉक्टरांना न विचारता अर्ध्यात सोडलं तर आजार उलटू शकतो आणि आधीचे पैसे पाण्यात जातात. पुरे पडणार नाहीत असं दिसत असेल तर सुरू करण्याआधीच मदत मागा.

तिसरी जात जन्मभराची. किडनी, मधुमेह, हृदय. इथे पहिल्या दिवशीच्या बिलाला फसू नका, महिन्याचा आकडा विचारा. किडनीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या: पहिल्या दिवशी क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा, रक्तात साठलेला टाकाऊ पदार्थ) भयंकर वाढलेलं दिसलं तरी तो अखेरचा निवाडा नसतो. अंगातलं पाणी कमी झाल्यानेही ते वाढतं. दोन-तीन दिवस सलाईन देऊन पुन्हा तपासलं की खरी स्थिती कळते, मग ठरवा.

५. स्वस्तात कुठे आणि कसं होतं

महाराष्ट्रात पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत: मुंबईत परळ, नागपूर, सातारा जिल्ह्यात शिरवळ, परभणी, उदगीर. मुंबईत परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, धर्मादाय आणि एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, पुण्यातलं औंधला आहे. सरकारी ठिकाणी फी खासगीच्या मानाने फारच कमी. सकाळी लवकर जा, आधीचे सगळे कागद न्या, आणि मांजर झाकलेल्या पिंजऱ्यात न्या, कारण रांगेत कुत्रीही असतात. सोनोग्राफी कुठल्या दिवशी होते ते आधी फोन करून विचारा.

मांजरांची बरीच औषधं माणसांचीच असतात. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. डोस मात्र डॉक्टरांचाच, वजन करून. त्वचेखाली सलाईन द्यायला शिकलात तर रोजच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाचतात. मला चिमीच्या वेळी कंपाउंडरने दोनदा दाखवलं. आरएलची (रिंगर लॅक्टेट या सलाईनची) बाटली कोमट पाण्याच्या बादलीत पाच मिनिटं ठेवायची, खिडकीच्या गजाला टांगायची, खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की खाली खोपटासारखी पोकळी होते, सुई तिच्यात. १०० मिली गेलं की पाठीवर लिंबाएवढा फुगवटा यायचा, तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरायचा आणि संध्याकाळपर्यंत जिरायचा. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. चौथ्या दिवशी चिमी खाऊ चाटत बसून राहायला लागली. हृदयाचा आजार असेल तर हे सलाईन धोक्याचं ठरतं, म्हणून विचारल्याशिवाय नको.

पैसे उभे करायचे तर दवाखान्याला हप्ते विचारा. ओळखीच्या लोकांकडे मागताना बिलाचा फोटो आणि नेमकी रक्कम सांगा: "आणखी ४,००० कमी पडतात" असं म्हटलं की लोक देतात. मोबाइलवरच्या झटपट कर्जांच्या वाटेला जाऊ नका.

६. मुदत ठरवा आणि मांजराकडे बघा

उपचार सुरू करतानाच ठरवा: ४८ तासांनी किंवा पाच दिवसांनी काय दिसायला हवं? स्वतःहून खाणं, लघवी, अंग चाटून साफ करणं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर चिमीच्या बऱ्या दिवसाला निळं टिंब आणि वाईट दिवसाला लाल टिंब द्यायचे. रोजच्या रोज बघताना आपलं मन आपल्यालाच फसवतं. टिंबं फसवत नाहीत.

मांजर दुखणं लपवतं, आणि यातनेतही घुरघुरतं. चेहरा बघा. कान बाजूला पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले, तोंडाभोवतीचा भाग ताणलेला, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या खाली. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण द्या. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामक हवंच. हे मोजमाप डॉक्टरही वापरतात. बरं करणारा उपचार परवडला नाही तरी दुखणं आणि मळमळ कमी करणारी औषधं बहुतेकांना परवडतात. "काही करता येणार नाही" असं कानावर आलं, तर दुखण्यासाठी काय देता येईल ते विचारल्याशिवाय उठू नका.

७. सोडवायचं ठरलं तर

लाल टिंबं निळ्यांपेक्षा जास्त झाली, खाणं सुटलं, श्वासाला त्रास होतोय, आणि पुढचा उपचार पैशांच्या किंवा औषधांच्या पलीकडे गेलाय, तर दयामरण हा उपचारच आहे. पैसे नव्हते म्हणून तो निवडलात तरीही. स्पष्ट विचारा: "आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना?" आधी झोप, मग शिरेतून भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस, असा क्रम हवा. जवळ थांबता येईल का आणि पैसे किती, हे आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

आजारी मांजर मासळी बाजारात किंवा देवळापाशी सोडून येऊ नका. तिथे ते तहानेने आणि कुत्र्यांच्या धाकाने मरतं. उपासमार होईल अशा जागी जनावर टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हाही आहे.

चिमीला आम्ही अकराव्या दिवशी सोडवलं. सकाळी तिला माशाचं पाणी कोमट करून दिलं, तिने दोनदा जीभ लावली. डॉक्टर घरी आले, दीड हजार घेतले. गुंगी चढल्यावर ती आईच्या जुन्या नऊवारीच्या घडीवर आडवी झाली. नंतर गोट्याला तिच्याजवळ आणलं. त्याने तिचा कान हुंगला, थोडा वेळ शेजारी बसला आणि मग खिडकीत गेला. संध्याकाळी आम्ही तिला गावाकडच्या शेतात कंबरभर खोल खड्ड्यात पुरलं आणि वर दगड रचले, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. उरलेल्या सलाईनच्या तीन बाटल्या, न फोडलेल्या, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दिल्या. तिथे एका मुलाच्या मांजराला त्या हव्याच होत्या.