‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’: या चुका टाळा

मालवणात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. समोर होमस्टेवाले, बोटवाले, आंबा बागायतदार. चुका दरवर्षी त्याच. एखादी नवी चूक कोणी केली तर माझ्याकडून चहा.

सगळ्यात महाग चूक ‘फ्यू’ची. देवगडकडचा एक बागायतदार माझ्याच वर्गातला. एप्रिल संपत आलेला, अढीत गवतावर आंबा रंग धरू लागलेला, निदान 40 पेट्या भरतील एवढा माल. बंगळुरूच्या एका बाईंनी ऑफिसातल्या लोकांसाठी 25 पेट्या विचारल्या. यांनी ऐटीत लिहिलं, ‘यस मॅडम, वी हॅव फ्यू बॉक्सेस.’ म्हणायचं होतं, आहेत की काही पेट्या! बाईंनी वाचलं, फारशा उरलेल्या नाहीत. ‘नो प्रॉब्लेम, थँक यू’ म्हणून त्यांनी दुसरीकडे ऑर्डर दिली. हा मोबाइल माझ्यापुढे धरून, ‘सर, माझा काय चुकला?’

एक ‘अ’ राहिला होता. आणि खरं सांगायचं तर ‘फ्यू म्हणजे काही’ असं फळ्यावर मीच लिहून दिलं होतं, घाईघाईत.

‘अ फ्यू’ म्हणजे थोडेसे, ‘फ्यू’ म्हणजे थोडेच. आपण जे शेवटच्या ‘च’ने सांगतो, ते इंग्रजी माणूस ‘अ’ गाळून सांगतो. मराठीत आर्टिकलच नाही, त्यामुळे तो ‘अ’ आपल्याकडून न कळत गळतो आणि वाक्याचा अर्थ फिरतो. मी अजूनही लिहिण्याआधी वाक्य मराठीत मोठ्याने म्हणून बघतो. ‘च’ आला तरच ‘अ’ काढतो. घरचे हसतात, हसू देत.

न मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘लिट्ल’. ‘अ लिट्ल वॉटर’ म्हणजे वायच, थोडंसं पाणी. ‘लिट्ल वॉटर’ म्हणजे मे महिन्यातली विहीर.

‘फ्यू राइस’ म्हणू नका. भात मोजत नाहीत.

‘सम’चा उच्चार स्पेलिंग बघून ‘सोम’ करू नका. तो वार आहे.

दुसरी माझी डोकेदुखी ‘सम’ आणि ‘एनी’. ‘होकारात सम, नकारात आणि प्रश्नात एनी’ हा तक्ता पाठ करून लोक येतात. नकारापुरता ठीक आहे: सुटे नसतील तर ‘आय डोन्ट हॅव एनी चेंज’, तिथे ‘सम’ नको. पण पाहुण्याला सोलकढी विचारायची तर ‘वुड यू लाइक सम सोलकढी?’ हा प्रश्न असला तरी आग्रह आहे, समोरून ‘हो’ यावं म्हणून विचारतोय. ‘एनी’ घातलंत तर घेतली काय, न घेतली काय, असा सूर लागतो. तीस दिवसांत इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत हा आग्रह सापडत नाही. तरी उतावळी मंडळी तीच घेऊन येतात आणि तिसऱ्या दिवशी विचारतात, ‘सर, बोलायला कधी लागणार?’

आकड्याआधी ‘सम’ आलं, जसं ‘सम ट्वेंटी बोट्स’, तर अर्थ सुमारे 20.

आणि ‘क्वाइट अ फ्यू’ला थोडे समजू नका, ते बरेच असतात. आमच्या एका होमस्टेवाल्या वहिनींना पाहुण्यांचा मेसेज आला, ‘क्वाइट अ फ्यू ऑफ अस ईट फिश.’ वहिनींनी सुरमईच्या चार तुकड्या तळल्या. गाडीतून उतरले अकराजण, त्यातले नऊ मासे खाणारे.