मोठ्या मिश्र वसाहतीचा प्रस्ताव वाचायचा कसा

मोठ्या मोकळ्या जागेवर घरं, दुकानं, कचेऱ्या, शाळा, बाग असं सगळं एकत्र उभं राहणार, अशी नोटीस लागली की आजूबाजूच्या वस्तीत दोन गट पडतात. एक म्हणतो, बरं झालं, भागाची सुधारणा होईल. दुसरा म्हणतो, आमचं पाणी जाणार, रस्ता तुंबणार. प्रस्ताव मात्र दोघांपैकी फारच थोड्यांनी वाचलेला असतो. मी बरीच वर्षं नियोजन खात्यात बसून असे प्रस्ताव तपासले, आता रहिवाशांच्या बाजूने वाचते. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. काय बांधणार हे सगळेच विचारतात, कोणत्या क्रमाने बांधणार हे कुणी विचारत नाही. वसाहत सुखाची होते की डोकेदुखी ठरते, ते बहुतांशी या क्रमावर अवलंबून असतं.

आधी बाडातून काय काढायचं

प्रस्ताव शेकडो पानांचा असतो. रंगीत चित्रांची पानं सरळ उलटून टाका. मंजुरीत त्यांना काही वजन नसतं. क्षेत्रफळांचा तक्ता, मापं दिलेला नकाशा, टप्प्यांचं वेळापत्रक, वाहतुकीचा अहवाल आणि पाणी-सांडपाण्याचा अहवाल एवढं वेगळं काढा. यातलं एखादं सापडलं नाही, तर पहिलं पत्र तेवढं मागण्यासाठीच लिहा आणि पोच घ्या.

तक्त्यात घनता कशावर मोजली आहे ते बघा. 20 हेक्टरवर 3,000 घरं म्हणजे ढोबळ घनता हेक्टरी 150. पण रस्ते, तळं, शाळेची जागा, कचेऱ्या वगळून घरांच्या वाट्याला 10 हेक्टरच येत असतील, तर निव्वळ घनता हेक्टरी 300. दोन्ही आकडे बरोबर आहेत, म्हणूनच दोन्ही मागायचे. शेजारच्या प्रकल्पाशी तुलना करताना एकाचा ढोबळ आणि दुसऱ्याचा निव्वळ आकडा घेऊन भांडणारी माणसं मी दोन्ही बाजूंना पाहिली आहेत.

‘मोकळी जागा’ या रकान्यात काय काय धरलंय तेही विचारा. पार्किंगच्या छतावरची हिरवळ, दोन इमारतींमधली फरसबंद पट्टी, रस्त्याच्या कडेची झुडपं, सगळं त्यात मावतं. माझा प्रश्न ठरलेला असतो: कुंपणाबाहेरच्या घरातलं मूल या जागेत चेंडू घेऊन जाऊ शकेल का? उत्तर ‘नाही’ आलं, तर ती जागा सार्वजनिक बागेच्या हिशेबातून काढायला सांगा.

‘व्यापारी वापर’ या दोन शब्दांत मॉलही बसतो आणि कोपऱ्यावरचं औषधांचं दुकानही. म्हणून फोड मागा. रस्त्याकडे दार असलेली छोटी दुकानं किती आणि आत वळलेलं मोठं संकुल किती? कोपनहेगनच्या ओरेस्ताद या नव्या भागात जमिनी विकून येणाऱ्या पैशाच्या भरवशावर मेट्रो आधी बांधली, ती 2002 मध्ये सुरूही झाली. हे उत्तम झालं. पण 2004 मध्ये तिथे ‘फील्ड्स’ हा प्रचंड मॉल उघडला, खरेदी त्याच्या पोटात गेली आणि बाहेरचे रस्ते ओकेबोके राहिले, अशी टीका पुढे बरीच वर्षं होत राहिली. मिश्र वापर कागदावर असणं आणि पायी चालणाऱ्या माणसाला तो जाणवणं, यांत एवढं अंतर पडू शकतं.

क्रम: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

घरं विकली की विकसकाकडे पैसा येतो. शाळा, दवाखाना, बाग, बसथांबा यांतून येत नाही. डोक्यावर कर्जाचं व्याज चालू असतं, त्यामुळे विकलं जाणारं आधी आणि खर्चाचं नंतर असा क्रम आपोआप लागतो. यात दर वेळी लबाडी असतेच असं नाही. पण असा प्रकल्प दहा-पंधरा वर्षं चालतो, तेवढ्या काळात बाजार एकदा तरी पडतो, आणि त्या वेळी जे शिल्लक असतं तेच रखडतं. शिल्लक असतात ती लोकांच्या गरजेची कामं.

लंडनमध्ये टेम्समीड ही नवी वसाहत 1960च्या दशकात आखली गेली आणि 1968 मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. दुकानं आणि वाहतूक मागे राहिली. आराखड्यांत चर्चा झालेली भुयारी रेल्वे वसाहतीपर्यंत कधी आलीच नाही. वेगवान एलिझाबेथ लाइन 2022 मध्ये सुरू झाली, तीही वसाहतीच्या कडेला, ॲबे वूड स्थानकापर्यंत. त्याच शहरातल्या कॅनरी व्हार्फ या कचेऱ्यांच्या नव्या भागात विकसक कंपनीने रेल्वेच्या खर्चात वाटा उचलायचं कबूल केलं होतं. 1992 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि ज्युबिली लाइन ही भुयारी रेल्वे तिथे पोहोचायला 1999 उजाडलं. हे काही कोपऱ्यातलं, दुर्लक्षित शहर नव्हे.

म्हणून एक साधा तक्ता करा. डावीकडे शाळा, दवाखाना, बाग, बस, पाण्याची टाकी, सांडपाणी केंद्र, चौकाची सुधारणा. प्रत्येकापुढे लिहा: किती घरं भरल्यावर होणार, कोण बांधणार, कोण चालवणार, पैसा कुणाचा, आणि झालं नाही तर काय थांबणार. शेवटचा रकाना बहुतेक वेळा कोरा राहतो. तुमची हरकत तिथेच नोंदवायची.

‘कोण चालवणार’ हा रकाना सोडू नका. नकाशावर ठळक अक्षरांत ‘दवाखाना’ लिहिलेलं आणि आरोग्य खात्याला त्याचा पत्ताही नाही, असे प्रस्ताव माझ्या टेबलावर आलेले आहेत. इमारत उभी राहते, डॉक्टर येत नाही, दोन वर्षांनी तिथे बँकेची शाखा दिसते. चालवणाऱ्या खात्याचं किंवा संस्थेचं संमतीपत्र प्रस्तावासोबत जोडलेलं असावं, अशी मागणी करा.

आता अट कशी लिहायची ते. ‘विकसक योग्य वेळी शाळा उपलब्ध करून देईल’ या वाक्याला काही अर्थ नाही. योग्य वेळ कुणाची? त्याऐवजी असं लिहा: ‘400पेक्षा जास्त घरांना भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी शाळेची इमारत वापरण्याजोगी पूर्ण होऊन चालवणाऱ्या संस्थेच्या ताब्यात गेलेली असेल.’ भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे घरात राहायला जाण्याची परवानगी. तारखेपेक्षा घरांचा आकडा बरा. तारीख मुदतवाढ मागून पुढे ढकलता येते. घरांच्या आकड्याला बांधलेली अट मात्र पुढच्या विक्रीच्या आड उभी राहते, म्हणून ती पाळली जाते. प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या कामालाही हे लागू करता येतं: अमुक रस्ता किंवा पूल होईपर्यंत बांधकाम सुरू करायचं नाही किंवा घरं भरायची नाहीत. ब्रिटनमध्ये अशा अटीला ‘ग्रॅम्पियन अट’ म्हणतात. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या एका खटल्यात ती ग्राह्य ठरली तेव्हापासून हे नाव पडलं.

आकडा ठरवताना मात्र न्यायाने वागा. पहिल्या घराआधी शाळा मागितली तर पैसाही नसतो आणि वर्गात मुलंही नसतात. पहिला टप्पा विकू द्या, दुसऱ्याची किल्ली आपल्या अटीकडे ठेवा. मधल्या काळासाठी तात्पुरती सोय लिहून घ्या: पहिल्या दिवसापासून विकसकाच्या खर्चाने बस, जवळच्या शाळेत वाढीव वर्ग. या छोट्या गोष्टींनी जुन्या-नव्या रहिवाशांमधली अर्धी कटुता टळते.

अहवालातले आकडे हाताने पडताळा

यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. 3,000 घरं, घरटी 4 माणसं, माणशी दिवसाला 150 लिटर धरलं तर रोज 18 लाख लिटर पाणी लागेल. त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं असं धरतात, म्हणजे सुमारे साडेचौदा लाख लिटर. अहवालातला आकडा याच्या आसपास आहे का बघा. फारच कमी असेल तर गृहीतक विचारा. पावसाचंही तसंच. 1 हेक्टरवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लाख लिटर पाणी. 20 हेक्टरवर 50 मिलिमीटर पडला तर 1 कोटी लिटर. आज त्यातलं बरंच मातीत मुरतं. छपरं आणि डांबर झाल्यावर बहुतेक सगळं उताराकडे, म्हणजे कदाचित तुमच्या गल्लीत, धावेल. ते कुठे साठवणार, किती वेगाने सोडणार आणि त्या टाकीतला गाळ दरवर्षी कोण काढणार, हे लेखी घ्या.

वाहतुकीच्या अहवालात दोन गोष्टी बघते. मोजणी कोणत्या दिवशी झाली, हे पहिलं. शाळांच्या सुट्टीतली मोजणी मान्य करू नका. दुसरं जास्त महत्त्वाचं. मिश्र वसाहतीत लोक खरेदी, शाळा, नोकरी आतल्या आत करतील म्हणून बाहेर पडणाऱ्या फेऱ्यांतून काही टक्के वजा केलेले असतात. तत्त्व बरोबर आहे. पण दुकानं आणि शाळा तिसऱ्या टप्प्यात येणार असतील, तर तोवर प्रत्येक माणूस दूध आणायलाही बाहेरच जाणार. सगळं पूर्ण झाल्यानंतरचे आकडे अहवालात असतात. तुम्ही पहिला टप्पा भरल्यानंतरचे मागा. माझ्या मते संपूर्ण सुनावणीतला हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे, आणि कोणताही प्रामाणिक सल्लागार त्याचं उत्तर काढून देऊ शकतो. चौक आधीच क्षमतेच्या काठावर असेल तर थोड्याशा वाढीनेही रांग एकदम लांबते, हे लक्षात ठेवून ते उत्तर वाचा.

उंच इमारत असेल तर सावलीचा नकाशा वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचा मागा. सूर्य 30 अंशांवर असताना 60 मीटरच्या इमारतीची सावली सुमारे 104 मीटर पडते. वाऱ्याचा अभ्यासही मागा. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस या घरं-कचेऱ्यांच्या मनोऱ्यापाशी 2011 मध्ये जोरदार वाऱ्याने ट्रक उलटून एका पादचाऱ्याचा जीव गेला. वारा अडवणारे पडदे त्यानंतर बसवावे लागले.

सुनावणीत

एका माणसाने एकच विषय घ्यावा, पान क्रमांक सांगावा आणि शेवटी हवी ती अट वाचून दाखवावी. ‘आमचा विरोध आहे’ एवढंच नोंदवलं तर इतिवृत्तात तेवढंच उतरतं आणि प्रकल्प मंजूर झाला की त्या ओळीचा उपयोग संपतो.

नियोजन खात्यातल्या मित्रांनाही सांगायचं आहे. आराखडा पक्का झाल्यावर बोलावलेली बैठक लोकांना लगेच कळते. दोन-तीन पर्याय, त्यांतल्या प्रत्येकाची घरं आणि सोयी यांसह, आधी मांडा. आणि सभागृहात नसलेल्या माणसांची बाजू तुम्हीच मांडा. भाड्याच्या खोलीत राहणारे, लग्न ठरलंय पण घर मिळत नाही असे तरुण, रोज दोन तास प्रवास करून इथे कामाला येणारे, यांच्यासाठी ही घरं आहेत, पण हरकतीची नोटीस त्यांच्या दारावर लागत नाही. घरांची संख्या कमी करा ही मागणी करण्यापूर्वी आपण रहिवाशांनीही त्यांचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः संख्येपेक्षा सोयींच्या क्रमावर भांडते ते याचसाठी.

परवडणारी घरं नंतर कमी केली जातात ती बहुधा ‘प्रकल्प परवडत नाही’ या हिशेबावर. हा हिशेब उघड करायला सांगा. लंडनच्या हेगेट वसाहतीत सुमारे 1,200 घरं पाडली गेली आणि नव्या प्रकल्पाचा असा हिशेब बाहेर यावा म्हणून रहिवाशांना दाद मागावी लागली. 2018 मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात हे हिशेब सार्वजनिक करावेत असं नमूद झालं. शिवाय दर टप्प्याच्या आधी फेरहिशेबाची अट घाला, म्हणजे भाव वाढले तर कापलेली घरं परत मागता येतील.

मंजुरीनंतर

मंजुरीपत्रातल्या सगळ्या अटी एका वहीत क्रमाने उतरवा आणि प्रत्येकीपुढे तिचा घरांचा आकडा लिहा. वसाहतीत किती घरांना भोगवटा मिळाला, याची माहिती दर तीन महिन्यांनी खात्याकडून लेखी मागवा. आकडा अटीच्या पन्नासभर घरं अलीकडे आला की स्मरणपत्र द्या. ओलांडल्यानंतर दिलेल्या पत्राने काम होत नाही, कारण तोवर घरांत माणसं राहायला आलेली असतात आणि त्यांना बाहेर काढा असं कुणीच म्हणणार नाही. त्या नव्या माणसांनाही वहीची प्रत द्या. शाळेची गरज आता सगळ्यांत जास्त त्यांनाच आहे.