जुनं वाफेचं मॉडेल इंजिन आणलंत? आधी पेटवू नका

चोरबाजारात घासाघीस करून आणलेलं माझं पहिलं पितळी इंजिन मी त्याच रात्री गॅलरीत पेटवलं. पाणी आटलं, डाख सुटला, धुराडं आडवं. कथील-शिशाचा डाख साधारण १८३ अंशांनाच वितळू लागतो. आत पाणी असेतोवरच तो धरतो.

म्हणून आधी बॉयलर धुवा. ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व, चमचाभर, कपभर कोमट पाण्यात. दोन तास ठेवून ओता. पांढरट-हिरवा गाळ पडेल. स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळा.

मग थंड चाचणी, ही टाळायची नाही. बॉयलर काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडाही नको, आणि हातपंपाने नेहमीच्या दुप्पट दाब द्या. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा फुटला तर नुसता ठिबकतो. हवा असती तर तुकडे उडाले असते. दाबमापकाचा काटा दहा मिनिटं हलता कामा नये.

सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग जाम असेल तर व्हॉल्व्हच बदला. वॉशर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात, पण उष्णता सोसणारे मागा. पाणी डिस्टिल्डच, पाऊण बॉयलर.

चिंचेने घासायचं ते फक्त उघडं पितळ. मूळ रंगाला हात लावू नका, बायको कितीही म्हणाली तरी.